सानूच्या पोटातल्या वाटा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जो कुणी यायचा तो आधी सानूच्या पोटाकडे बघायचा आणि मग चहाचा कप उचलायचा. सानू माझी धाकटी बहीण. वय सात, काडीसारखे हातपाय आणि फ्रॉकखालून पुढे आलेलं पोट. ते पोट लहानपणापासून तसंच होतं. शेजारच्या बाया म्हणायच्या जंत असतील, कुणी म्हणायचं माती खात असेल. शाळेत पोरं तिला गणपती म्हणायची आणि ती तेही हसून घ्यायची, कारण गणपतीला रोज मोदक मिळतात अशी तिची समजूत होती. मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, नुकतीच बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी बसलेली. निकाल लागेपर्यंत मला काम नव्हतं, आणि सानूला एकटं सोडायचं नाही असं ठरलेलं होतं, त्यामुळे ते दोन महिने मी तिच्या सावलीसारखी होते.

अर्धापूरच्या बाहेर, केळीच्या बागांना लागून आमचं घर आहे. मागच्या दोन खोल्या पत्र्याच्या आणि पुढची एक स्लॅबची, तिला अजून सगळे ‘नवी खोली’च म्हणतात. सकाळ व्हायची ती बोअरच्या मोटरच्या आवाजानं. मग केळी कापणारी माणसं यायची, घड उतरवायची, आणि त्यांच्या बोलण्यावर पप्पांचा आवाज चढायचा, ‘हळू, हळू, डाग पडंल.’ आईच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायचा. आमच्याकडे सकाळी बहुतेक सुशीला असायचा, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे आणि डाळवं. सानूच्या आजारपणानंतर त्यातले शेंगदाणे गेले. मग भाकरीचा पापुद्रा गेला, चिवडा गेला, पापड गेले. तिच्या घशाखाली काहीही टोचणारं जायला नको होतं. तिच्यासमोर कडकड वाजणारं काही खायचं नाही, हा नियम आईनं कुणाला न सांगता केला, आणि आम्ही कुणी न विचारता पाळला. आज मी नांदेडला एका शाळेत शिकवते. डब्याच्या सुट्टीत मुलं पापड मोडतात तेव्हा मला अजूनही वाटतं, कुणीतरी दाराशी उभं राहून ऐकत असेल.

आजारपण कळलं ते एका उलटीमुळे, आणि ती उलटी मी पाहिली होती. सानू अंगणातल्या सिमेंटच्या टाकीजवळ उभी होती आणि वाकून तिनं काहीतरी ओकलं. आई आतून म्हणाली, ‘सरबत पिलीस का गं लाल?’ सानूनं मान हलवली, नाही. मी जवळ गेले. ते सरबत नव्हतं. मी ओरडले नाही. मला ओरडता येतच नसे. मी आईचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि बोटानं दाखवलं. पप्पांनी केळीच्या व्यापाऱ्याला बाजूला सारून त्याच्याच जीपमध्ये सानूला घातलं आणि आम्ही नांदेडला गेलो. वाटेत ती आणखी एकदा ओकली, आईच्या मांडीवर.

नांदेडच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून, आत फुटलेल्या शिरेला रबराचा बँड बांधला आणि रक्त थांबवलं. मग त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. पप्पा नेहमीप्रमाणे मला पुढे करून म्हणाले, ‘हिला इंग्रजी येतं.’ येत होतं ते खरंच. पहिलीपासून मी नांदेडच्या इंग्रजी शाळेत बसनं जायचे. पण शाळेत माझं मराठी ऐकून मुली हसायच्या आणि घरी माझं पुस्तकी मराठी ऐकून चुलतभावंडं हसायची. तेव्हा मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले होते. केबिनमध्ये मी फक्त ऐकत असे, आणि बाहेर आल्यावर पप्पांना हळू आवाजात पुन्हा सांगत असे.

त्या दिवशी तशी गरज पडली नाही. डॉक्टरांनी साध्या मराठीत सांगितलं, की आतड्यातून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. सानूची ती शीर बुजलेली आहे, बहुधा अगदी तान्ही असल्यापासून.

‘म्हणजे मेन लाईनच चोक हाय म्हणा की,’ पप्पा म्हणाले.

‘बरोबर. मग दाब वाढल्यावर पाणी काय करतं?’

‘जिथं जागा गावंल तिथून फुटतं.’

‘तेच झालंय. रक्तानं आडवाटा काढल्या. काही पोटात, काही अन्ननलिकेत. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आणि एक फुटली. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय तीही त्या दाबानंच, आणि पोट पुढे आलंय ते तिच्यामुळे.’

रोज सकाळी पप्पा ड्रिपच्या नळ्या हातानं चाचपत बागेतून फिरायचे. कुठली नळी बुजली की पुढची झाडं कशी दिसतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

ऑपरेशन होतं. बुजलेल्या जागेला वळसा घालून, दुसरी शीर जोडून रक्त पुन्हा यकृतात न्यायचं. पण त्याला एक अट होती. यकृताच्या आत, डाव्या बाजूला या शिरेची जी फांदी असते ती उघडी पाहिजे. ती उघडी असेल तर जोडणी तिथे होईल आणि सानू जवळपास इतर मुलांसारखी वाढेल. तीही बुजलेली असेल तर रक्त यकृताला टाळून दुसरीकडे वळवावं लागेल, किंवा बँड बांधत राहून पुढच्या उलटीची वाट बघत बसावं लागेल. नांदेडच्या सोनोग्राफीत ती फांदी नीट दिसली नव्हती. म्हणून लातूरला जायचं होतं. तिथे हातातून औषध सोडून सीटी मशीनवर शिरांचे फोटो काढतात, आणि ज्या दिवशी फोटो काढायचे त्याच दिवशी हैदराबादचे सर्जन लातूरच्या दवाखान्यात येणार होते. ते अधूनमधूनच यायचे. त्यांनी फोटो बघून हो किंवा नाही सांगायचं होतं. आम्ही सगळे त्या एका फांदीबद्दल बोलायचो. आई तर रात्री देवापुढे हात जोडून म्हणायची, ‘डावी उघडी असू दे.’ नुसतं एवढंच. देवाला सगळं ठाऊक असल्यासारखं.

लातूरला एका दिवसात जाऊन येणं जमलं असतं, पण सकाळी लवकर पोचायचं म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी चाकूरला आत्याकडे मुक्काम केला. आत्या पप्पांची थोरली बहीण, पप्पा तिला अक्का म्हणतात. आत्याच्या घरात शिरलं की पहिल्यांदा ताट येतं आणि मग विचारपूस. तिनं येसर आमटी केली होती, मऊ भात, सानूसाठी वेगळं पिवळं वरण. सानूला भरवून झाल्यावर मी सांगितलं, की आता उद्याचे फोटो निघेपर्यंत हिला काही द्यायचं नाही, तिथे तिला झोपेचं इंजेक्शन देणार आहेत.

‘पानी बी न्हाई?’

‘पाणीसुद्धा सकाळी नाही, आत्या.’

‘बाई गं! लेकरू हाय का उपासाची म्हातारी?’ आत्या म्हणाली. मग पप्पांकडे बघून, ‘बालाजी, तुझी ही पोरगी महिन्यातून एकदा बोलती आन् तेबी असलं बोलती.’

सगळे हसले. मीही हसले. आत्याच्या थट्टेचा मला राग यायचा नाही, कारण घरात माझ्या गप्प बसण्याची दखल घेणारी तीच एक होती.

सकाळी सानू भुकेनं कुरकुरायला लागली. आई तिची वेणी घालत होती, पप्पा भाड्यानं आणलेल्या गाडीच्या काचा पुसत होते, मी फाईल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन ओट्यावर उभी होते. आत्या आतून वाटी घेऊन आली. दही-साखर. आमच्या लोकांत कुणी परीक्षेला निघो, कोर्टात निघो की दवाखान्यात, दही-साखर हातावर पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. आईनं हात पुढे केला आणि चाटला, पप्पांनी तसंच केलं, मी केलं. सानूची पाळी आली तेव्हा आत्या खाली बसली आणि सगळी वाटीच तिच्या तोंडाशी धरली. सानूनं ती चाटूनपुसून साफ केली. वरच्या ओठावर पांढरी रेघ राहिली ती आत्यानं पदरानं पुसली आणि तीही आमच्यासोबत गाडीत चढली.

आम्ही चौघं मोठी माणसं तिथे होतो. चौघांच्याही डोळ्यांसमोर झालं ते. आणि चौघांपैकी एकालाही वाटलं नाही की सानूनं काही खाल्लं. शकुनाला कुणी जेवणात धरतं का?

लातूर जवळ आलं तसे क्लासेसचे फलक सुरू झाले, पहिल्या आलेल्या मुलामुलींचे मोठे मोठे चेहरे. दहावीनंतर मला इथे ठेवायचं पप्पांच्या मनात होतं, मी नको म्हटलं होतं. ते फलक बघून पप्पा दरवेळी एक उसासा टाकायचे. त्या दिवशी त्यांनी टाकला नाही. दवाखान्यातल्या सीटी सेंटरमध्ये थंडगार हवा होती आणि सगळी माणसं हळू बोलत होती, मला बरं वाटावं अशी जागा. नर्सनं सानूच्या हाताला सुई लावून ठेवली. सानू रडली आणि मग स्वतःच हाताकडे बघत बसली. भूल देणारे डॉक्टर आले. त्यांना घाई होती. आणखी एका दवाखान्यात त्यांची वाट बघत होते, हे फोनवरच्या बोलण्यावरून कळत होतं.

‘काही खाल्लं-प्यायलंय?’

‘न्हाई सर,’ पप्पा म्हणाले. ‘काल संध्याकाळपासून पोटात कण न्हाई.’

‘दूध? बिस्कीट? चॉकलेट?’

‘न्हाई.’

‘पाणी?’

‘थेंब न्हाई.’ पप्पा खोटं बोलत नव्हते. आई मान डोलवत होती. आत्या तर म्हणाली, ‘तोंड सुकलंय बघा लेकराचं.’

‘चांगलं केलंत,’ डॉक्टर औषध सिरिंजमध्ये ओढत म्हणाले. ‘लोक ऐकत नाहीत. झोपेत उलटी झाली तर पोटातलं सगळं फुफ्फुसात जातं. मग आम्हालाही फार काही करता येत नाही.’

तेव्हा मला ती पांढरी रेघ आठवली. नुसती आठवली नाही, सानूच्या ओठावर ती मला पुन्हा दिसली. सिरिंज भरत आली होती. पप्पांनी नुकतंच चारचौघांत थेंबसुद्धा नाही म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरात पोरीनं बापाचं बोलणं परक्या माणसासमोर खोडायचं नसतं, आणि आत्याचं तर बंद खोलीतही नाही. आणि हा डॉक्टर आज गेला तर पुन्हा कधी, सर्जन तर आजच येणार, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मी दोन पावलं पुढे झाले आणि अगदी बारीक आवाजात, इंग्रजीत म्हणाले, ‘सर, शी हॅड कर्ड. धिस मॉर्निंग.’

इंग्रजीत का, हे मला लगेच कळत होतं. पप्पांना कळू नये म्हणून. आत्याला वाईट वाटू नये म्हणून. ते डॉक्टर मान हलवतील, सिरिंज खाली ठेवतील आणि दुसरंच काही कारण सांगतील असं मला वाटलं होतं.

‘काय? दही खाल्लंय?’ डॉक्टर मोठ्यांदा म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पप्पांचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला. आत्यानं कपाळाला हात लावला. ‘अगं माय! ते दही-साखर हाय. त्ये काय जेवन हाय का? शकुनाचं हातावर द्यायचं असतंय, साहेब, तुमच्या आईनं बी दिलं असंल तुम्हाला.’

‘दिलं असेल. किती दिलंत?’

मीच हातानं वाटीचा आकार दाखवला.

‘पोटाला शकुन कळत नाही, मावशी,’ डॉक्टर म्हणाले आणि सिरिंजला टोपण लावलं. ‘मी आज हिला भूल देणार नाही. आठवड्यानं या.’ आणि खरंच ते निघून गेले. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण नुसतं बघितलं.

‘तुला मराठी येत न्हाई का?’ पप्पा मला म्हणाले. आवाज खालीच होता, पण शब्द दातांखालून आले. ‘मला सांगायचं होतं. मला. गड्यासारखा उभा केलास सगळ्यांपुढं.’

सानूला मांडीवर घेऊन आई जमिनीकडे बघत होती. आत्या पदरात तोंड लपवून रडायला लागली, ‘माझ्या हातानं, माझ्याच हातानं झालं,’ आणि आजूबाजूचे पेशंट वळून बघायला लागले. मला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटत होतं. पण सानूनं माझी ओढणी धरली होती.

फोटो वाचणाऱ्या मॅडम आवाज ऐकून आतून बाहेर आल्या. मध्यमवयीन, केस आखूड, पायात साध्या चपला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सानूसमोर उकिडव्या बसल्या. ‘नाव काय?’ सानूनं सांगितलं. ‘पुतळ्यासारखं पडून राहता येतं?’ सानूनं मान डोलवली. ‘श्वास रोखता येतो?’ सानूनं माझ्याकडे बघितलं.

मग मॅडम उभ्या राहून पप्पांना म्हणाल्या, ‘भूल द्यायची ती मूल हलू नये म्हणून. फोटो निघायला फार वेळ लागत नाही, एवढ्या दह्यानं त्याचं काही बिघडत नाही. ही जागेपणी निश्चल राहिली आणि मी सांगेन तेव्हा श्वास धरला, तर मी आज करते. पण ऐका. शिरेत औषध एकदाच सोडता येईल, वजनाच्या हिशोबानं. त्या वेळेस हलली तर फोटो फिसकटेल, आणि आज मला पुन्हा औषध देता येणार नाही. औषध जाताना अंग एकदम गरम होतं. मोठी माणसंसुद्धा दचकतात.’

पप्पांनी आईकडे बघितलं. ‘तू जाशील आत?’

आईनं नकारार्थी मान हलवली. आत्या म्हणाली मी जाते, तर सानूच म्हणाली, ‘आत्या नको. आत्या लई बोलती. ताई.’

मॅडमनी मला बाजूला नेऊन वय विचारलं आणि दिवस तर गेले नाहीत ना, हा बाईमाणसाला विचारायचा प्रश्न विचारला. मी नकारार्थी मान हलवली. ‘आवाज खणखणीत लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘मशीनमधली टेप हिंदीत बोलते, मुलं त्या आवाजाला घाबरतात, ती मी बंद ठेवते. तू सांगायचंस. जमेल?’ नाही म्हणायला जागा नव्हती.

बाहेरच्या बाकावर आम्ही सराव केला. श्वास रोख म्हटलं की सानू गाल फुगवायची आणि फुस्स करून सोडून द्यायची. तीनचारदा तसंच झालं. मग मला आमच्या गल्लीतला धुरळा सुचला. उन्हाळ्यात केळीचा ट्रक घरासमोरून गेला की एवढी धूळ उठायची, की आम्ही दोघी अंगणात जिथे असू तिथे तोंड मिटून उभ्या राहायचो, धूळ बसेपर्यंत. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं ते. मी तिच्या कानात म्हणाले, ‘ट्रक आला.’ सानूनं झटकन ओठ मिटले. तिची छाती थांबली. मी बघत राहिले, मनात सावकाश आकडे मोजत. ‘गेला,’ म्हटल्यावर तिनं श्वास सोडला आणि विचारलं, ‘किती मोठा ट्रक हाय?’

‘एकच. पण लांब आहे.’

आतल्या खोलीत त्यांनी माझ्या अंगावर शिशाचा जड एप्रन घातला, गळ्याला पट्टा बांधला. सानूला सरकत्या फळीवर झोपवलं आणि तिच्या हाताच्या सुईला लांब नळी जोडली. फळी त्या गोल भोकात सरकली तेव्हा तिचं पोट छताच्या दिशेला वर आलेलं दिसत होतं, फ्रॉकवरचं फूल त्याच्यावर ताणलेलं. मी तिच्या पायाशी उभी होते. काचेपलीकडे मॅडम आणि एक तंत्रज्ञ. त्यांच्यामागे दाराच्या फटीतून पप्पांचा अर्धा चेहरा.

‘औषध सुरू,’ मॅडमचा आवाज आला.

नळीतून काहीतरी सरकलं. सानूचे डोळे मोठे झाले. ‘ताई, गरम होतंय.’

‘होऊ दे. हलू नको.’

‘ताई, मला सू झाली.’ तिचा आवाज रडवेला झाला, गुडघा वाकायला लागला. ‘ताई, झालीच.’

‘नाही झाली. वाटतं तसं. खरंच नाही झाली.’ माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मशीन आत घरघरायला लागलं होतं, चकतीसारखं काहीतरी गरगरत होतं, आणि त्या आवाजात माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. तिनं मान वळवून मला शोधलं. काचेपलीकडे मॅडमनी हात वर केला. आत्ता.

‘सानू!’ मी ओरडले. ‘ट्रक आला! तोंड मीट! ट्रक आला!’

माझा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. जाड होता, थोडा फाटका, आत्यासारखा. सानूनं मान सरळ केली आणि ओठ मिटले. फळी सरकायला लागली. तिचं पोट निश्चल होतं. मी ओरडत राहिले, ‘धूळ हाय, अजून हाय, सोडू नको, लई धूळ हाय,’ आणि ते सगळं आमच्या घरच्या बोलीत येत होतं, पुस्तकातलं एक अक्षर नव्हतं त्यात. मग मॅडमनी अंगठा दाखवला.

‘गेला,’ मी म्हणाले. सानूनं श्वास सोडला, पहिल्यांदा फ्रॉक चाचपला आणि म्हणाली, ‘कोरडंच हाय की.’

पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट आठवत नाही. आत्यानं सानूला बिस्किटं भिजवून भरवली, आता मात्र तीनतीनदा नर्सला विचारून. पप्पा माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले होते. हैदराबादचे सर्जन आले, आत गेले, दार लागलं. दार उघडेपर्यंत आई पुटपुटत होती, आणि काय पुटपुटत होती ते मला माहीत होतं.

आत बोलावल्यावर त्यांनी पडद्यावर सानूचं पोट दाखवलं. कातडी नाही, मांस नाही, नुसत्या शिरा. मॅडम ते चित्र फिरवत होत्या, जसं कुणी हातात घेऊन फळ फिरवून बघावं. मधोमध जिथे एक जाड शीर असायला हवी होती तिथे बारीक बारीक वेटोळ्यांचा गुंता होता. पाणथरीभोवती नागमोडी वाटा, वर अन्ननलिकेकडे गेलेल्या. आई बघू शकली नाही, तिनं भिंतीकडे तोंड केलं. पप्पा पुढे वाकले आणि बोट न लावता बोटानं त्या वाटांवरून फिरले. मग मॅडमनी यकृताच्या डाव्या बाजूला चित्र थांबवलं. तिथे एक छोटीशी फांदी होती, दोऱ्याएवढी, पण कडा स्वच्छ होत्या.

‘ही,’ सर्जन म्हणाले. ‘उघडी आहे.’

आत्यानं हळूच विचारलं, ‘म्हंजे चांगलं हाय का?’

‘चांगलं आहे. फोटो जरा हलला असता तर ही दिसली नसती.’

पप्पा मागे वळले. मला वाटलं रागावलेत अजून. ते मॅडमना म्हणाले, ‘आता जे काही इचारायचं ते हिला इचारा. आम्ही कुणी सांगू ते धरू नका.’ आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला त्यांनी पुढे ढकललं, जरा जोरातच.

सर्जननी सांगितलं की वळसा घालायला जी शीर लागते ती मानेतून घेतात, दोन्ही बाजूंना असते, एक घेतली तरी चालतं. पण तीही चांगली आहे का ते आत्ताच सोनोग्राफीवर बघून घेऊ. सानूनं लगेच दोन्ही हातांनी मान झाकली. ‘ताईची घ्या,’ ती म्हणाली. सगळ्यांत आधी हसली ती आई, आणि हसतानाच तिला रडू फुटलं.

ऑपरेशन पुढे हैदराबादला झालं. सानू आज माझ्यापेक्षा उंच आहे आणि घरात सगळ्यांत मोठ्यांदा पापड खाते. लोक मला त्या ऑपरेशनबद्दल विचारतात, ते बारा तास कसे काढलेत म्हणून. मला मात्र आठवते ती त्या दिवसाची शेवटची खोली, लहानशी, पडदे ओढलेली. मॅडमनी सानूच्या मानेला थंड जेल लावलं आणि त्यावरून यंत्र फिरवलं. पडद्यावर लाल-निळं काहीतरी सरकत होतं. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज आला. खोल, लाटेसारखा, येणारा आणि जाणारा. पप्पांनी विचारलं, ‘ही कशाची मोटर?’

‘मोटर नाही. हिचं रक्त वाहतंय त्याचा आवाज. शीर छान आहे.’

मॅडमनी यंत्र उचललं आणि आवाज थांबला. दाराशी उभी असलेली आई, जिनं दिवसभरात एकाही फोटोकडे बघितलं नव्हतं, ती पहिल्यांदाच पुढे आली. पलंगाची कड धरून ती डॉक्टरणीला म्हणाली, ‘बाई, ते परत लावता का? जरा ऐकू द्या.’